ओल्या पोत्याचा वास

बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका वकिलानं वडगावातल्या माझ्या विणकर मित्राला फसवलं. त्याच्याकडून पैसा घेतला नाही, कसल्या कागदावर सही घेतली नाही. बिघडलेल्या बिअरला त्यानं चांगली म्हटलं. तेवढ्यानं माझ्या मित्राच्या घरातले माग गेले, आणि त्यानं माझ्याशी बोलणं सोडलं.

हे लिहून काढतोय, कारण तोंडानं सांगायला लागलो की माझा आवाज चढतो, आणि आवाज चढला की ऐकणारे हसायला लागतात. या प्रकरणात तेच झालं होतं.

मी निपाणीचा, तंबाखूचा व्यापारी. वखारीत पोती उचलत होतो, आता वखार माझी आहे. मधलं सगळं माझं मी केलं, भांडून आणि घासाघीस करून केलं. या मित्राशी ओळखसुद्धा घासाघिशीतूनच झाली. भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायच्या होत्या. मध्ये दुकानदार कशाला, म्हणून मी थेट वडगावात विणणाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. पुढच्या खोलीत पॉवरलूम चालू होते. त्या खडखडाटात साधं बोललेलं ऐकू येत नव्हतं, त्यामुळं आम्ही दोघंही ओरडून भाव करत होतो. दुपार उलटली तरी तो खाली येईना. शेवटी मी उठून चपला घातल्या. एवढं केलं की समोरचा मागून हाक मारतो, हा माझा अनुभव. यानं मारली नाही. आत बघून बायकोला म्हणाला, "अगं, अण्णा चाललेत. च्या तरी पिऊन जाऊ देत."

मी परत बसलो. साड्या त्यानं सांगितलेल्या भावानं घेतल्या. निघताना म्हणालो, "मर्दा, तू वखारीत पायजे हुतास."

तो म्हणाला, "पर तुमी मागावर बसू नगा अण्णा. धागा तोडशीला. लई ताण देतासा."

तेव्हापासून बेळगावला काही काम निघालं की वडगावात डोकावल्याशिवाय मी परत फिरलो नाही. मला भाऊ नाही. तो मला अण्णा म्हणायचा, आणि ते मला खरं वाटायला लागलं होतं.

बिअरचा नाद वकिलांनी लावला. वखारीच्या जागेचा माझा एक दावा त्यांनी चालवला होता, त्यातून जाणं-येणं वाढलं. त्यांचा मुलगा बेंगळुरात नोकरीला. तो घरी आला की छोट्या छोट्या कारखान्यांतल्या बिअरच्या बाटल्या घेऊन यायचा, क्राफ्ट बिअर म्हणतात ती. वकिलांना त्याची गोडी लागली आणि रविवारी दुपारी त्यांच्या गच्चीवर आमची बैठक बसायला लागली. वकील, कॉलेजातले एक प्राध्यापक, मी, आणि मी सोबत नेलेला माझा मित्र. खायला चिरमुरे आणि शेंगा. हल्ली कुणी काय प्यालं, कुठली आवडली, कुठली नाही, यावरच सगळं बोलणं.

वकिलांनी एक शिस्त घालून दिली होती. ज्यानं बाटली आणली त्यानं ती वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची. प्रत्येकानं आधी मत द्यायचं, मग कागद काढायचा. नाव आणि लेबल बघून मत बनायला नको, असं त्यांचं म्हणणं. ते मला तेव्हा फार पटलं होतं.

त्या गच्चीवर मी खूप हसलो आहे. एकदा गव्हाची बिअर होती, संत्र्याची साल आणि धने घातलेली. प्राध्यापक म्हणाले, "छान, हलकी आहे." मी म्हणालो, कुणीतरी मोसंबी सोलून साल गिलासात टाकलीय. एक भयंकर कडू होती. मित्र म्हणाला, "कडुनिंबाची काडी चावल्यागत लागतंय. पर सोडवंना." कॉफी घातलेली काळी बिअर आली तेव्हा मला दूध करपलेलं पातेलं आठवलं. गोव्याहून आणलेली कोकमाची मात्र मी मागून घेतली. वकील गिलास उन्हात धरून बोलायचे. "यात पिकलेल्या अननसाची छटा आहे. आणि शेवटी, अगदी शेवटी, किंचित धूर." मग आम्ही तिघं तो धूर शोधत बसायचो.

"मला तर न्हाय घावला," मित्र म्हणायचा.

"पुढच्या घोटात बघा," वकील म्हणायचे.

"पुढच्या घोटाला बाटली संपली की ओ."

एका रविवारी वकिलांनी मला विचारलं, "तुम्ही वखारीत माल कसा पसंत करता?" मी सांगितलं. माल हवा असला की मी त्याला आधी नावं ठेवतो. मूठभर पान उचलायचं, नाकाला लावायचं, तोंड वाकडं करायचं, "हे जनावर तरी खाईल का" म्हणून खाली टाकायचं. विकणारासुद्धा ओळखतो की गिऱ्हाईक लागलं. जो माल खरंच नको असतो त्याला मी कधी वाईट म्हणत नाही. "माल चांगला हाय, ठिवा जपून" म्हणतो, चहा पितो आणि उठतो. ते ऐकलं की विकणाऱ्याचं तोंड उतरतं. निपाणीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, टिळकवाडीत नव्हतं. वकिलांनी मांडीवर थाप मारली.

"म्हणजे तुम्ही शिव्या घातल्यात की समजायचं, पसंत."

"व्हय."

"आणि कौतुक केलंत की?"

"मग त्यानं पोती परत गाडीत भरायची."

सगळे हसले. माझा मित्र सगळ्यांत जास्त हसला.

मित्राला बिअरनं पुरतं धरलं होतं. मागाचं काम आधीच मंदावलेलं. सुरतेचा माल बाजारात उतरला की वडगावातल्या साडीला कोण विचारतो. तो गोव्याला जाऊन एका ब्रुअरीत राहून आला, टाक्या धुण्यापासून काम केलं, शिकून आला. आल्यावर मला म्हणाला, "गव्हाची कोनबी करतंय अण्णा. आपल्या भागात शाळू पिकतोय, मग शाळूची का न्हाय?" मला ते आवडलं. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, मी माझ्या गावाकडून दिला, गूळ तो संकेश्वरच्या बाजूनं घेऊन आला. मागच्या खोलीत शाळू भिजवून, ओल्या गोणपाटाखाली झाकून त्यानं मोड आणले, गच्चीवर वाळवले, भाजले. परवान्याशिवाय घरी बिअर करायची नसते, हे वकिलांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण चाखण्यापुरती करून बघा, असं त्यांनीच सुचवलं. मीही मोठ्या तोंडानं म्हणून गेलो, "झाली चांगली तर मी भागीदार."

त्या रविवारी त्यानं बाटली गुंडाळून आणली. कुणाची ते सांगितलं नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. दाढी करून आला होता.

मी गिलास नाकाजवळ नेला आणि मला माझी वखार आठवली. पावसाळ्यात कुठून तरी पाणी शिरून तळाचं पोतं भिजलं, की दार उघडताक्षणी एक वास येतो. अजून पोतं दिसलेलं नसतं, पण माल गेला हे कळतं. तोच वास. खाली चव चांगली होती. गुळाचा गोडवा बेताचा होता, शाळू जिभेवर कळत होता. वरून फक्त ती ओल बसली होती. गोणपाटाखाली मोडांना बुरशी धरली असणार. करणाऱ्याला घरातल्या वासाची सवय झालेली असते, त्याला कळत नाही. सांगितलं असतं तर त्यानं गोणपाट फेकून दिलं असतं आणि पुन्हा केली असती. एवढंच काम होतं.

प्राध्यापक म्हणाले, "वेगळी आहे." आणि चिरमुऱ्यांकडे वळले.

वकिलांनी गिलास उन्हात धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाले, "वा. याला मातीचा गंध आहे. आपल्या भागातल्या मातीचा. हा बाहेर कुठं मिळणार नाही."

मित्राचे कान लाल झाले. मग माझी पाळी आली.

"ओल्या पोत्याचा वास येतोय," मी म्हणालो. "माल बिघडलाय. वतून टाका."

वकील हसायला लागले. "ऐकलंत ना? व्यापारी बोलले. माल पसंत आहे."

"वकीलसाहेब, चेष्टा न्हाय. बुरशी लागलीय ह्याला."

"आता भावही वाढला," प्राध्यापक म्हणाले.

मी गिलास आपटला. काय काय बोललो ते सगळं आता आठवत नाही, आवाज मात्र शेजारच्या गच्चीपर्यंत गेला, तिथली बाई कपडे वाळत घालायची थांबली. मी जेवढा ओरडलो तेवढे ते हसले. मित्र तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलेलं मला दिसत होतं. कागद काढला, आत बिनलेबलाची बाटली, आणि वकिलांनी त्याच्याशी हात मिळवला.

खाली फाटकाशी मी त्याला गाठलं.

"मर्दा, मी घासत न्हाय. खरंच वास येतोय."

"अण्णा, भागी पायजे तर सरळ मागा की. माल पाडून कशाला मागतासा?"

"भागी गेली खड्ड्यात. ते गोणपाट टाकून दे. फडक्यावर मोड आन. परत कर."

"वकीलसाहेब म्हणाले त्योच वास जपायचा. सगळं त्यातच हाय म्हणाले."

"त्यास्नी काय कळतंय?"

"आणि तुमी? तुमीच म्हणालासा नव्हं, नगं असलं की चांगलं म्हणतो म्हणून? मग आज तोंड वाकडं का केलासा?"

मी त्याला शिवी दिली. तो आणखीच खुशीत हसला, स्कूटरला किक मारली आणि गेला.

पुढं सगळं भराभर झालं. गोव्यातल्या त्या ब्रुअरीत टाकी भाड्यानं घ्यायची, तिथल्या परवान्यावर माल काढायचा आणि तिथंच विकायचा, असं त्यानं ठरवलं. त्यासाठी माग विकायला काढले. गिऱ्हाईक इचलकरंजीचं. आणि सौद्याला त्यानं बोलावलं मला. "तुमच्यासारखं घासायला कोन हाय अण्णा," म्हणाला.

मी गेलो ते सौदा मोडायचं ठरवून गेलो. असा भाव सांगितला की शहाणा माणूस उठून जावा. इचलकरंजीवाल्यानं मागाभोवती फेरी मारली, पट्ट्याला हात लावला, म्हणाला, "हे माग हायत का भंगार?" ते ऐकून मी ओळखलं. त्याला माग हवे होते. मी एका पैशानं खाली आलो नाही, तरी तो गेला नाही. रडला, कुरकुरला आणि शेवटी हात पुढं केला.

वहिनी म्हणाल्या, "अण्णा हुते म्हणून बरं झालं."

माग उचलून नेल्यावर मी एकदा त्या खोलीत बसलो होतो. फरशीवर तेलाचे काळे डाग, बोल्ट काढलेली भोकं. मागच्या मोरीतल्या नळाचं थेंब थेंब पाणी पडलेलं ऐकू येत होतं. त्या घरात आम्ही कायम ओरडून बोललेलो. आता हळू बोललं तरी चाललं असतं. त्याची म्हातारी आई भिंतीला टेकून बसली होती. ती मला म्हणाली, "आवाज न्हाय तर झोप यिना बगा." मी बाहेर येऊन गाडीत बसलो आणि निपाणीपर्यंत रस्ता कसा गेला मला सांगता येणार नाही.

गोव्यात त्यानं तिथलं मोड आणलेलं तयार धान्य घेतलं नाही. घरचाच, गोणपाटाखाली मोड आणलेला शाळू घेऊन गेला. लेबलवर मागाच्या धोट्याचं चित्र होतं, आणि खाली वकिलांनी सुचवलेली ओळ, मातीचा गंध. दुकानदारांनी पहिल्या खेपेला बाटल्या ठेवून घेतल्या. दुसऱ्या खेपेला कुणी घेतल्या नाहीत. एका हॉटेलवाल्यानं सांगितलं म्हणे, गिऱ्हाईक एक घोट घेतं आणि गिलास सरकवून देतं, काही बोलत नाही. पुण्यामुंबईच्या पोरांनी मोबाईलवर लिहिलं ते तर वाचवत नव्हतं. त्या पोरांची आणि माझी ओळख नाही, पण त्यातल्या एकानं ओली चादर असा शब्द वापरला होता. माझ्या पोत्यापासून फार लांब नाही. ते वाचून माझा मान राखला गेला असं वाटायला हवं होतं. मला त्या पोराला शोधून हाणावंसं वाटलं.

टाकी बंद झाली. मित्र आता इचलकरंजीत दुसऱ्याच्या मागावर पाळीनं काम करतो. वडगावातलं घर आहे, सुट्टीला येतो.

मी गच्चीवर जाणं बंद केलं होतं. एका रविवारी वकिलांचा फोन आला, मुलानं काहीतरी खास आणलंय, याच. मी गेलो. जांभळाची बिअर होती. प्राध्यापकांनी माझ्या मित्राची चौकशी केली, मी काय झालं ते सांगितलं. वकील शेंगा सोलत होते. न थांबता म्हणाले, "वाईट झालं. मला तर पहिल्याच घोटाला कळलं होतं. तो वास लपण्यासारखा नव्हताच."

मी विचारलं, "मग?"

"मग काय? इतक्या हौसेनं माणूस बाटली घेऊन आला होता. तोंडावर कसं सांगायचं?"

"मी सांगितलं की."

"तुमची गोष्ट वेगळी. तुमचा धंदा आहे तो." त्यांनी शेंगेचं टरफल बाजूला टाकलं. "आणि खरं सांगू का, चार माणसांत केलेलं कौतुक ऐकून कुणी घर विकायचं नसतं."

"माग."

"काय?"

"घर न्हाय. माग इकले."

"तेच ते," वकील म्हणाले आणि त्यांनी जांभळाची बिअर सगळ्यांना ओतली.

मी ओरडलो नाही. माझं मलाच नवल वाटलं. गिलास तसाच ठेवला आणि जिना उतरलो. वखारीत ज्या विकणाऱ्याला मी "माल चांगला हाय" म्हणून परत पाठवतो, त्याला मी काय सांगितलं ते कळतं. तो रागानं का होईना, पोती गाडीत भरतो आणि दुसरं गिऱ्हाईक बघतो. वकिलांचं "वा" ऐकून माझ्या मित्रानं काय समजायचं होतं? त्यांच्यात त्याचा अर्थ काय होतो, हे त्याला कुणी कधी सांगितलं होतं?

मित्राच्या सुट्टीच्या दिवशी मी वडगावात गेलो. तो त्या रिकाम्या खोलीत पाय पसरून बसला होता. मी त्याला गच्चीवरचं सगळं सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"वकीलसाहेब असं म्हणायचे न्हाईत," तो म्हणाला. "परवा बाजारात भेटलते. अजून इचारतात, परत कवा करतोयस."

"माझ्या कानानं ऐकलंय."

"अण्णा, तुमाला भागी मिळाली न्हाय म्हणून तुमी जळतासा. जाऊ दे की आता. काय ऱ्हायलंय जळायला?"

"मी पहिल्या दिवशी सांगितलं न्हवतं? सगळ्यांसमोर? फाटकात? किती साफ सांगायचं मानसानं?"

तो अगदी हळू म्हणाला, "त्या दिशी तुमी नुसतं 'चांगली हाय' म्हणाला असतासा, आणि उठून गेला असतासा, तर मला कळलं असतं."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या.

मी माझ्या माणसाच्या मालाला नको असलेल्या मालासारखं गोड बोलून, चहा पिऊन, उठून जायचं होतं? मी तसं केलं नाही, कारण तो माझा होता. पण हे त्याला माझ्या तोंडून पटणार नाही. माझं कसलंही बोलणं तो आता घासाघीस समजतो. माझे फोन तो उचलत नाही. त्याची आई रस्त्यात दिसली तर ती मात्र थांबते, माझा हात हातात धरते.

म्हणून वकीलसाहेब, हे तुमच्यासाठी. तुमच्या त्या घोटाचा साक्षीदार तुमच्याशिवाय दुसरा कुणी नाही. त्याच्या सुट्टीच्या दिवशी वडगावात या. खुर्ची नाही, फरशीवर बसावं लागेल. त्याच्या आईसमोर, वहिनींसमोर त्याला सांगा की तुम्हाला त्या दिवशी वास आला होता. वास आलेला असताना मातीचा गंध हे शब्द कुठून आणलेत ते सांगा. मी घाबरून सांगत होतो, आणि तुम्ही त्याची चेष्टा केलीत. ती कशासाठी केलीत ते सांगा. गोडीगुलाबीनं केलं असेल तर तसं सांगा, सगळ्यांना हसवायला केलं असेल तर तसं सांगा. मी आत येणार नाही, आवाज करणार नाही. दाराबाहेर रस्त्यावर उभा राहीन. उत्तर तुम्ही त्याला द्यायचं आहे, आणि मी ऐकल्याशिवाय तिथून हलणार नाही.